एका शब्दाचा संसार

मैत्रिणींनो, आजवर किती अर्ज भरले असतील आपण? रेशनकार्डाचा, गॅसच्या नोंदणीचा, मुलांच्या शाळेचा, बँकेतल्या खात्याचा, पासपोर्टचा. हल्ली तर मोबाइलवर बोट टेकवूनसुद्धा अर्ज भरावे लागतात. अर्ज कुठलाही असो, नाव, पत्ता, जन्मतारीख इथपर्यंत आपण कशा झरझर जातो! मग येतो तो रकाना – 'व्यवसाय'. तिथे हात जरासा अडखळतो आणि आपल्यापैकी कितीतरी जणी एकच शब्द लिहून मोकळ्या होतात – 'हाउसवाइफ'. तोंडाने सांगायची वेळ आली तर त्याच्याआधी आणखी एक शब्द हमखास जोडला जातो. "मी काही नाही हो, नुसती हाउसवाइफ!"

हा 'नुसती' मला फार दिवस खटकत होता. 'नुसती डॉक्टर', 'नुसती शिक्षिका' असं कोणी म्हणत नाही. मग आपल्याच वाट्याला हे का यावं? त्या शब्दातच काही कमीपणा आहे, की तो आपण नंतर चिकटवला? आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचा एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. दुपारची झाकपाक झाली की तो घेऊन बसायची सवयच लागली मला. एका शब्दाचा धागा ओढला की दुसरा सुटतो, दुसऱ्यावरून तिसरा. काय काय हाती लागलं ते आज तुम्हांला सांगणार आहे. घाबरू नका, व्याकरणाचा तास नाही हा. आपल्याच घरातल्या गोष्टी आहेत.

'हाउसवाइफ' हा शब्द इंग्रजीत आठशे वर्षं तरी आहे. त्यातला 'हाउस' म्हणजे घर हे उघडच आहे. पण 'वाइफ' म्हणजे मुळात लग्नाची बायको नव्हे बरं का! जुन्या इंग्रजीत 'वीफ' म्हणजे स्त्री, कोणतीही बाईमाणूस. आपण नाही का, एकवचनात 'बायको' म्हटलं की कुणाची तरी पत्नी, आणि 'बायका' म्हटलं की साऱ्या स्त्रियाच! तसंच काहीसं. 'मॅन' म्हणजे त्या वेळी नुसतं 'माणूस'. म्हणून 'वीफमॅन' म्हणजे बाईमाणूस, आणि त्याचंच पुढे झालं 'वुमन'.

'वाइफ'चा हा जुना अर्थ काही शब्दांत अजून टिकून आहे. सुईणीला इंग्रजीत 'मिडवाइफ' म्हणतात. त्यातल्या 'मिड'चा अर्थ 'सोबत'. अडलेल्या बाईच्या सोबत असणारी ती मिडवाइफ. मासे विकणारी ती 'फिशवाइफ'. यात कुणाचा नवरा आला कुठे? ही तर कामावरून पडलेली नावं. त्याच चालीवर 'हाउसवाइफ' म्हणजे घर चालवणारी स्त्री. 'घरात असलेली बायको' नव्हे.

आणि घर चालवायचं म्हणजे काय चालवायचं? १६१५ साली लंडनमध्ये जर्व्हेस मार्कम नावाच्या लेखकाचं 'द इंग्लिश हाउसवाइफ' हे पुस्तक निघालं. चांगल्या गृहिणीला काय काय यायला हवं ते त्यात लिहिलं आहे. घरच्यांचे औषधोपचार, स्वयंपाक, अर्क काढणं, लोकर आणि लिननचं सूत, दूधदुभतं, लोणी-चीज, पाव भाजणं, बिअर गाळणं – यादी वाचूनच दमायला होतं! आजच्या हिशेबाने हा एक छोटा दवाखाना, एक बेकरी, एक डेअरी आणि एक सूतगिरणी झाली. हे सगळं एका छपराखाली, एका बाईच्या देखरेखीत. तिला 'नुसती' म्हणायची कोणाची छाती होती?

बरं, तिच्या जोडीदाराचं काय? 'हज्बंड' हा शब्द इंग्लंडात आला तो समुद्रापलीकडून, उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांबरोबर. त्यांच्या भाषेत 'हूसबोंदी' म्हणजे ज्याचं घरदार, जमीनजुमला आहे असा घरधनी. लग्न झालेलं असो वा नसो! नवरा हा अर्थ त्याला पुढे चिकटला. जमिनीचा संबंध मात्र सुटला नाही. शेतीला इंग्रजीत 'हज्बंडरी' म्हणतात आणि आपल्या सरकारी पशुसंवर्धन खात्याच्या नावात 'अ‍ॅनिमल हज्बंडरी' आहेच. याच शब्दाचं क्रियापदही आहे. त्याचा अर्थ 'जपून, काटकसरीने वापरणं'! हे मी यजमानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग या घरातला खरा हज्बंड तूच." मीही म्हटलं, "हे लेखी द्या."

'लेडी' आणि 'लॉर्ड' यांची गोष्ट तर याहून गोड आहे. 'लॉर्ड' हा मुळात 'भाकरीचा राखणदार' आणि 'लेडी' म्हणजे 'भाकरीचं पीठ मळणारी'. पाव या अर्थाचा जुना शब्द दोन्हींत लपलेला आहे. पुढे लॉर्ड मोठा सरदार झाला, लेडी त्याची मानाची सरदारीण झाली आणि दोघांच्याही हाताला पीठ लागेनासं झालं. पण मुळात त्यांचा मान पिठापासून सुरू झाला होता, हे विसरून कसं चालेल? उद्या कणीक तिंबताना आठवा हं!

आता मात्र गोष्टीला वाईट वळण लागतं. इंग्रजीत 'हझी' म्हणून एक शिवी आहे. उठवळ, उद्धट, वाईट चालीच्या मुलीला ती देतात. ही शिवी आली कुठून? याच 'हाउसवाइफ'मधून! घाईघाईत बोलताना त्या शब्दाचं झालं 'हझिफ' आणि त्याचं झालं 'हझी'. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ घरधनीण असाच होता. मग तो खेडवळ बाईला लावू लागले, मग आगाऊ मुलीला, आणि नंतर उरली ती नुसती शिवी. एकाच आईच्या दोन लेकी, एक प्रतिष्ठित घरात पडली आणि दुसरी रस्त्यावर, तशी या शब्दाची गत झाली.

पण इंग्रजांनाच कशाला नावं ठेवायची? आपल्या 'बाई' शब्दाचं पाहा. जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई – केवढा मान त्या दोन अक्षरांत! शाळेत आपल्याला शिकवायच्या त्याही 'बाई'च. आणि तोच शब्द 'त्याने बाई ठेवलीय' असा कुजबुजत उच्चारला की चेहरेच बदलतात. पुरुषांच्या शब्दांवर अशी पाळी क्वचितच येते. 'हज्बंड'ची काही शिवी झाली नाही. शब्द पडतात ते स्वतःच्या पायाने नव्हे. समाज ज्यांना खालचं लेखतो, त्यांचे शब्दही हळूहळू खाली येतात.

अविवाहित बाईसाठी असलेल्या 'स्पिन्स्टर' या शब्दाचंही तेच. मुळात तो धंद्याचा शब्द. सूत कातणारी ती स्पिन्स्टर. कष्ट करून आपल्या पायावर उभी असलेली बाई. सतराव्या शतकापासून कायद्याच्या कागदांत तो लग्न न झालेल्या स्त्रीसाठी वापरू लागले आणि त्याला 'बिचारी, राहून गेलेली' असा वास येऊ लागला. इंग्लंडमधल्या विवाह नोंदणीतून तो शब्द २००५ साली काढून टाकला, तेव्हा कुठे सुटका झाली.

'हाउसवाइफ'चा आणखी एक अर्थ सापडला तेव्हा मात्र मी मनापासून हसले. सुया, दोरे, बटणं ठेवायची कापडी गुंडाळी असते ना, तिलाही इंग्रजीत 'हाउसवाइफ'च म्हणत. उच्चार मात्र जुना – 'हझिफ'. आपल्या आजोबांची पानसुपारीची चंची आठवते? थेट तशी, कप्प्याकप्प्यांची. ब्रिटिश सैनिकांच्या सामानात ती असायचीच. घरापासून हजार कोसांवर तुटलेलं बटण लावायला बायको कुठून येणार? म्हणून तिच्या नावाची पिशवी खिशात. बाई नसली म्हणजे तिचं काम दिसतं, ते असं.

मग एवढ्या कर्तबगार शब्दाला 'नुसती'ची जोड कशी लागली? त्याचं उत्तर शब्दकोशात नाही, ते बाजारात आहे. कापड गिरणीत विणलं जाऊ लागलं, पाव बेकरीत भाजला जाऊ लागला, औषध दुकानात मिळू लागलं. जे जे घराबाहेर गेलं, त्याला किंमत आली, मजुरी आली, पावती आली. घरात उरलं ते मुलं वाढवणं, रांधणं, झाडणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं. त्याची पावती कोण फाडणार? आणि ज्याची पावती नाही ते काम नाही, असं जगाने ठरवून टाकलं. गंमत पाहा, तीच पोळी खानावळीत लाटली तर तो धंदा, आणि घरी लाटली तर 'काही करत नाही'!

याहून मोठी गंमत 'इकॉनॉमी' या शब्दाची आहे. सारे अर्थतज्ज्ञ ज्या शब्दावर जगतात तो ग्रीक आहे. त्यातल्या 'ओइकोस'चा अर्थ घर आणि मूळ शब्दाचा अर्थ 'घराचा कारभार'. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने या विषयावर एक पुस्तकच लिहिलं. त्यातला एक गृहस्थ आपल्या लहान वयाच्या बायकोला कारभार समजावून देतो. तिला तो पोळ्यातल्या राणीमाशीची उपमा देतो. जहाजावर प्रत्येक दोर, प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते तसं घर हवं, आणि ओळीने मांडलेली भांडीसुद्धा किती सुंदर दिसतात, असं सांगतो. आपल्या स्वयंपाकघरातली मांडणी पाहून आपणही हेच म्हणतो की! म्हणजे अर्थशास्त्र जन्मलं स्वयंपाकघराच्या शेजारी, आणि मोठं झाल्यावर त्याने आईलाच ओळख दाखवली नाही.

हे सगळं मी गमतीगमतीत वाचत होते. पण एका प्रसंगाने त्यातली गंमत संपली. माझी मावसबहीण रस्त्यावरच्या अपघातात गेली. पंचेचाळिशीही गाठली नव्हती तिने. मागे नवरा, दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. भरपाईचा दावा करायचा म्हणून कागद तयार होऊ लागले. 'मयताचे मासिक उत्पन्न' या रकान्यात कोणीतरी लिहून ठेवलं होतं – 'निरंक'.

निरंक! सरकारी कागदातला शब्द आहे, त्यात वाईट हेतू नव्हता कोणाचा. पण भाऊजी त्या शब्दाकडे बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी एक वही घेतली. सहा महिन्यांत तिच्या जागी ज्यांना पैसे द्यावे लागले त्यांची नावं लिहिली. पोळ्यांच्या बाई, धुण्याभांड्याच्या बाई, दिवसभर आईंजवळ बसायला एक मावशी, धाकट्याची गणिताची शिकवणी, मुलीचे कपडे बेतायला शिंपी. बेरीज त्यांच्या स्वतःच्या पगाराच्या निम्म्याच्या वर गेली. खाली त्यांनी एक ओळ लिहिली, "रात्री तीन वाजता आईंना कूस बदलून देणे – माणूस मिळाले नाही." ती वही मी पाहिली आहे. तेव्हापासून 'नुसती' हा शब्द कुणी उच्चारला की मला ती ओळ आठवते.

असे किती संसार या रकान्यापाशी अडले असतील! पण मैत्रिणींनो, बदलही होतो आहे, तोही सांगितला पाहिजे. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक माणसं गेली, त्यांत बायका-मुलं पुष्कळ होती. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेची किंमत महिना ३,००० रुपये धरली. मग २०१० साली दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्तींनी जनगणनेवरच बोट ठेवलं. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर एकाच गटात, काही उत्पादक काम न करणारे म्हणून, घातलं होतं! न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नापसंती दाखवली.

२०१९ साली सरकारने देशभर वेळेची पाहणी केली. कोण कुठल्या कामात किती वेळ घालवतो याची. त्यात निघालं की घरातल्या बिनपगारी कामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७. म्हणजे आपण जवळजवळ पाच तास आणि ते दीड तासाच्या थोडे वर. तेही जे पुरुष काही करतात त्यांचीच ही सरासरी! २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच आकडे निकालात घेतले आणि गृहिणीच्या कामाचं मोल भरपाईत धरलंच पाहिजे, असं सांगितलं. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. बायकांविषयी कुठले शब्द वापरू नयेत आणि त्याऐवजी कुठले वापरावेत ते तिच्यात आहे. त्यात 'हाउसवाइफ'च्या जागी 'होममेकर' – घर घडवणारी – असा शब्द सुचवला आहे.

आता 'हूसबोंदी'च्या मुलखातली एक हकिकत. त्या जुन्या भाषेच्या सगळ्यांत जवळची भाषा आज आइसलंडमध्ये बोलतात. छोटासा थंड देश. २४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी तिथल्या सुमारे ९० टक्के बायकांनी सुट्टी घेतली. नोकरीवर गेल्या नाहीत, आणि घरीही चूल पेटवली नाही, मुलांना पाहिलं नाही. काय तारांबळ उडाली असेल! बाप मुलांना घेऊन कचेरीत गेले आणि पटकन शिजणारे सॉसेज दुकानांतून संपले. दुसऱ्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला आणि १९८० साली व्हिग्डिस फिन्बोगादोत्तिर या बाई राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. एका दिवसाच्या 'निरंक'ने बेरीज दाखवून दिली!

आपल्याकडे असा संप कोणी करील असं वाटत नाही. आपण संपावर जायच्या आधीसुद्धा चार दिवसांच्या दशम्या करून ठेवू! पण शब्द तर बदलू शकतो? की जुनेच शब्द पुन्हा ऐटीत वापरू शकतो? आपल्या भाषेत त्यांना काय तोटा! 'गृहिणी' तर आहेच. 'घरधनीण' आहे. खेड्यात नवऱ्याला 'कारभारी' आणि बायकोला 'कारभारीण' म्हणतात, म्हणजे दोघं बरोबरीचे मॅनेजर! गोव्याकडे नवरा 'घरकार' तर बायको 'घरकान्न', दोघांच्याही नावात घर. आणि जुनी माणसं तर पत्नीचा उल्लेखच 'आमचं कुटुंब' असा करत. नाव घ्यायचा संकोच म्हणून असेल, पण काय नेमकं बोलून गेले पाहा! एकटी बाई म्हणजे आख्खं कुटुंब.

मला विचाराल तर 'हाउसवाइफ' लिहा, 'होममेकर' लिहा, नाहीतर 'गृहिणी' लिहा. शब्दाशी माझं भांडण नाही. आठशे वर्षांचा कष्टाळू शब्द आहे तो. भांडण आहे ते 'नुसती'शी. तेवढा मात्र या घडीपासून टाकून द्या.

आणि एक घरगुती उपाय सांगते, बिनखर्चाचा. या रविवारी एक वही घ्या. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत जे जे कराल ते लिहा, समोर मिनिटं मांडा. विरजण लावणं, गॅस संपल्याची आठवण ठेवणं, सासूबाईंच्या गोळ्या मोजून ठेवणं, मुलाचा उतरलेला चेहरा ओळखणं, काही सोडू नका. आठवड्याने ती वही जेवणाच्या वेळी सगळ्यांदेखत मोठ्याने वाचा. रागाने नको, भाजीचा हिशेब वाचतो तशी वाचा. लेकींबरोबर लेकांनाही मुद्दाम बसवा ऐकायला. उद्या त्यांच्या घरात ही वही दोघांच्या अक्षरात लिहिली गेली, तर आपल्या हाती पीठ लागल्याचं सार्थक झालं म्हणायचं.

आणि हो, ती वही रद्दीत घालू नका. पुढच्या अर्जावर तो रकाना आला, की एकदा तिच्यावर नजर टाका आणि मग सावकाश, ठळक अक्षरात लिहा!